सरासरीने फसवलेला रॅम्प: रत्नागिरीतल्या एका खालच्या पार्किंगचं प्रकरण

मागच्या गणपतीत माझ्या मावशीच्या बिल्डिंगमधे एकाच दिवसात दोन गोष्टी घडल्या. सकाळी मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची गाडी, आत पाच माणसं आणि डिकीत भरगच्च सामान, खालच्या पार्किंगमधून वर येताना रॅम्पच्या डोक्यावर पोटाला घासली आणि तिथेच अडकली, पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी हळूहळू मागे सरकत पिलरला टेकली. गाडीचं बंपरवर निभावलं. पण संध्याकाळी त्याच रॅम्पवरून उतरताना चौथ्या मजल्यावरच्या वहिनी स्कूटरसकट घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं, ते काही निभावणं नव्हे. मी रत्नागिरीतच सिव्हिलची छोटी मोठी कामं करतो, आरतीला गेलो होतो, तिथेच मावशी म्हणाली, "तू इंजिनिअर ना रे, मग बघ जरा हा रॅम्प, दर पावसाळ्यात कोणीतरी पडतंय." त्यानंतर जे मोजलं, जे गणित केलं आणि शेवटी जे बांधलं ते सगळं इथे लिहितोय, कारण कोकणात उतारावरच्या प्लॉटवर अशा बिल्डिंगी भरपूर आहेत आणि रॅम्प सगळ्यांनाच लागतो.

आधी जागा समजून घ्या. रस्ता चढाचा, प्लॉट रस्त्यापेक्षा खाली, बिल्डिंग रस्त्यापासून साधारण १४-१५ मीटर आत, कारण पुढे पूर्वीची वाडी होती आणि तिच्यातला फणस अजून कोपऱ्यात उभा आहे. सोळा फ्लॅट. गाड्या बिल्डिंगच्या पोटात, रस्त्याच्या लेव्हलच्या खाली. रस्त्यावरच्या गेटपासून सरळ रॅम्प बिल्डिंगच्या कडेपर्यंत उतरतो.

ड्रॉइंग मागवलं तर त्यात सगळं ठीक. चढ १.८० मीटर, लांबी १४.४ मीटर, म्हणजे १:८. आठ मीटर पुढे गेलात की एक मीटर चढता, टक्क्यात १२.५, अंशात साधारण ७. इथे एक सांगून टाकतो कारण मीटिंगमधे याच्यावरूनच पहिला गोंधळ झाला, एक जण म्हणत होते की "२० चा उतार आहे म्हणजे २० डिग्री", तर तसं नाही, २० टक्के म्हणजे १:५ आणि तो भरतो ११.३ अंश. टक्के, गुणोत्तर आणि अंश हे तीन वेगळे हिशोब आहेत, कोणाशीही बोलताना आधी विचारा की कुठल्यात बोलतोयस.

मग प्रत्यक्षात काय झालं? पार्किंगमधे बीमखाली डोकं लागेल म्हणून खोदताना तळ ३० सेंटीमीटर जास्त खाली नेला. पुढे काही वर्षांनी रस्त्याचं काँक्रीट झालं, रस्ता २० सेंटीमीटर वर आला. चढ १.८० चा २.३० झाला. आणि गेट उघडायला सपाट जागा हवी म्हणून वरचे २.४ मीटर सपाट केले, म्हणजे उतारासाठी उरले १२ मीटर. २.३० भागिले १२, १९.२ टक्के. प्रत्येकाने थोडं थोडं घेतलं आणि प्रत्येकाचं कारण त्याच्यापुरतं बरोबर होतं, पण घेतलेलं सगळं रॅम्पच्या अंगावर आलं. बिल्डरने ताबा देताना स्वतःची गाडी खाली वर करून दाखवली होती म्हणे, आणि ती घासली नाही. ती का घासली नाही ते पुढे येतंच.

१९.२ टक्के हा सुद्धा सरासरीचा आकडा. मला त्याच्यावर समाधान नव्हतं. गवंड्याकडून लेव्हल पाईप आणला, तोच पारदर्शक नळीत पाणी भरलेला, आणि मावशीच्या मुलाला दुसरं टोक धरायला लावलं. खालून वर दर दीड मीटरवर खडूची रेघ मारली आणि प्रत्येक रेघेला मागच्या रेघेपेक्षा किती चढलो ते लिहिलं. आकडे सेंटीमीटरमधे असे आले: १८, २२, २६, २८, ३०, ३४, ३६, ३६. बेरीज २३०, बरोबर. आता हे आकडे नीट बघा. खालचा दीड मीटर १२ टक्क्यांचा आहे, अगदी आरामाचा. वरचे तीन मीटर मात्र २४ टक्क्यांचे, म्हणजे साडेतेरा अंश, कारण रस्ता वर आला तेव्हा ठेकेदाराने फक्त वरच्या टोकाला काँक्रीट ओतून जोडून दिलं होतं, अख्खा रॅम्प परत काढला नव्हता. आणि हा सगळ्यात उभा तुकडा थेट सपाट गेटला जाऊन भिडतो. गाडी घासली ती तिथेच, चाकं फिरली ती तिथेच, आणि वहिनी घसरल्या त्या सुद्धा तिथूनच.

आता घासण्याचं गणित. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस, अडकलेली गाडी साधी हॅचबॅक, तिचा २४५० मिमी. रिकामी असताना पोट जमिनीपासून १६५ मिमी वर. मी त्यांना विनंती केली की परत पाचही जण बसा आणि बॅगा भरा, तेव्हा फूटपट्टी लावून मोजलं, १२५ मिमी भरलं. चाळीस मिमी नुसत्या वजनाने गेले. गाडी कड्यावर अशी उभी राहिली की पुढची चाकं सपाटीवर, मागची उतारावर आणि कडा बरोबर मधे, तर पोट कड्याच्या किती जवळ येतं हे काढायला अर्धा व्हीलबेस गुणिले कोनाच्या अर्ध्याचा टॅन. अर्धा व्हीलबेस १२२५, कोन साडेतेराचा अर्धा पावणेसात, टॅन ०.११८. उत्तर १४५ मिमी. रिकाम्या गाडीला १६५ मधून १४५ गेले, २० मिमी शिल्लक, घासत नाही. भरलेल्या गाडीला १२५ मधून १४५ जायला हवेत, २० मिमी कमी पडतात, घासणारच. बिल्डरची गाडी का घासली नाही आणि गणपतीतली का घासली याचं हे उत्तर, तो खोटं दाखवत नव्हता पण एकटाच बसून दाखवत होता. शिवाय त्याने दाखवलं तेव्हा रस्ताही वर आलेला नव्हता.

आणि सरासरी धरून हेच गणित केलं तर? १९.२ टक्के म्हणजे १०.९ अंश, उत्तर ११६ मिमी, १२५ पेक्षा कमी, म्हणजे कागदावर गाडी पास. मी सोसायटीला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले. सरासरीने काढलं तर गाडी सुटते, मोजून काढलं तर अडकते, आणि रॅम्पवर गाडी खरंच अडकलेली सगळ्यांनी बघितली होती.

चाकं फिरण्याचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण घासली तर पत्रा जातो पण घसरली तर माणूस. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ताकद पुढच्या चाकांना असते. चढावर गाडीचं वजन मागे झुकतं, त्यात मागे तीन जण आणि डिकी भरलेली, म्हणजे पुढची चाकं हलकी. सपाटीवर भरलेल्या गाडीचं निम्मं वजन पुढे धरलं, वजनाचा मध्य जमिनीपासून ५५० मिमी वर धरला, तर २४ टक्क्यांवर पुढच्या चाकांवर ४३ टक्केच वजन राहतं, आणि त्या तेवढ्या वजनावर अख्खी गाडी वर ओढायची. त्यासाठी घर्षणाचा आकडा, म्हणजे टायर जमिनीला किती धरतो त्याचं माप, किमान ०.५४ लागतो. सुक्या खरबरीत काँक्रीटला ०.६ ते ०.७ सहज मिळतो, म्हणून मार्च-एप्रिलमधे कोणाची तक्रार नसते. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, जुलैपर्यंत त्या रॅम्पवर हिरवं शेवाळ धरलेलं असतं आणि हा रॅम्प तर घोटून गुळगुळीत केलेला. अशा बुळबुळीत पृष्ठभागाला मी ०.३ धरतो, त्याच्याही खाली जाऊ शकतो. ०.५४ हवा आणि ०.३ मिळतोय, मग ड्रायव्हर कितीही चांगला असू दे.

इथे पहिल्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट सांगायलाच हवी. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, पावसाळ्यात ते आपली गाडी कायम रिव्हर्सने वर चढवतात, आणि सगळे त्यांच्याकडे बघत राहतात. मला म्हणाले, "अरे, पुढून नाही चढायची ती. उलटी घाल, गप चढते." मी घरी येऊन गणित केलं. गाडी उलटी घातली की ताकदीची चाकं खालच्या बाजूला येतात आणि झुकणारं वजन त्यांच्यावरच पडतं, ४३ ऐवजी ५४ टक्के, आणि लागणारं घर्षण ०.५४ वरून ०.४३ वर येतं. काकांनी आयुष्यभर स्टिअरिंग धरून जे ओळखलं ते तंतोतंत बरोबर होतं. पण रिव्हर्सने गेटबाहेर रस्त्यावर निघणं धोक्याचं, आणि शेवाळावर ०.४३ सुद्धा मिळत नाही, म्हणून हा उपाय नव्हे, पण रॅम्पचं दुखणं कुठे आहे ते त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

उतरताना काय होतं ते बघा. ताशी १० किमी म्हणजे अगदी हळू, चालण्याच्या दुपटीच्या आसपास. शेवाळावर, ०.३ धरून, २४ टक्क्यांच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला पावणेसात मीटर लागतात. त्याच शेवाळावर १:८ च्या उतारावर सव्वादोन मीटर. म्हणजे उतार निम्मा केला तर थांबायचं अंतर एक तृतीयांश झालं, कारण ब्रेकला आधी उताराची ओढ फेडावी लागते आणि मग जे उरतं त्यावर गाडी थांबते. आणि घर्षण ०.२४ च्या खाली गेलं तर २४ टक्क्यांवर घसरायला लागलेली गाडी थांबतच नाही, सरळ खाली. दुचाकीला तर दोनच चाकं, त्यातलं पुढचं घसरलं की तोल गेलाच. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, मी ब्रेक दाबला म्हणून पडले का?" मी सांगितलं, वहिनी, तुमचं काही चुकलं नाही, त्या तीन मीटरवर ब्रेक दाबला तर चाक घसरणार आणि नाही दाबला तर स्कूटर वेग धरत खाली सुटणार.

आता उपाय. पार्किंगच्या रॅम्पला मी १:८ च्या वर जात नाही, वर्दळ जास्त असेल तर १:१० बरा. आणि दोन्ही टोकांना निम्म्या उताराचा तीन तीन मीटरचा तुकडा, म्हणजे १:८ ला १:१६, म्हणजे गाडीला एकदम मोडलेला कोन लागत नाही. (नियमावलीत कमाल उतार दिलेला असतो, तुमच्या भागाला लागू असलेली ताजी प्रत आर्किटेक्टकडून बघून घ्या, ऐकीव आकड्यावर जाऊ नका.) २.३० चढाला हे लावलं तर दोन टोकांचे तुकडे मिळून साडेसदतीस सेंटीमीटर चढतात, उरलेल्या १९२.५ ला १५.४ मीटर, एकूण २१.४ मीटर. हातात १२. कमी पडतात ९.४.

पहिली सूचना आली की रॅम्प बिल्डिंगच्या आत वाढवू, चार गाड्यांची जागा जाईल, बघू कोणाच्या. दोन मीटिंगा यावर गेल्या, आवाज चढले, एका घराने तर मेंटेनन्स बंद करायची भाषा केली. आणि शेवटी चार जण तयार झाल्यावर मी उभा छेद काढला, म्हणजे बिल्डिंग बाजूने कापल्यासारखं उंची दाखवणारं चित्र, तर लक्षात आलं की हे होणारच नाही. रॅम्प आत ९.४ मीटर नेला तर बिल्डिंगच्या कडेला तो तळापासून जवळजवळ एक मीटर वर आलेला असतो, आणि बीमखाली मिळून उंची २.४० मीटर. उरले १.४१. गाडी जाणार कुठून? छेद मी मीटिंगच्या आधी काढायला हवा होता, नुसता प्लॅन बघून मी हो म्हटलं, आणि त्यापायी शेजाऱ्यांत जी भांडणं झाली त्याचं मला खरंच वाईट वाटतं. रॅम्प कधीही प्लॅनमधे ठरवू नका, छेदात ठरवा.

मग एका रविवारी सकाळी चहा घेऊन गेटपाशी उभा होतो, पाऊस पडून गेलेला, आणि रस्त्याच्या कडेने पाणी वाहत होतं, वरच्या गेटकडून खाली फणसाच्या कोपऱ्याकडे. पाणी धावत होतं म्हणजे रस्त्यालाच चांगला उतार आहे! परत लेव्हल पाईप काढला. प्लॉटच्या समोरच्या बाजूत, वरच्या गेटपासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, रस्ता ९५ सेंटीमीटर उतरत होता. आमचं गेट नेमकं सगळ्यात उंच टोकाला. गेट खालच्या कोपऱ्याला नेलं तर जवळपास एक मीटर चढ फुकटात कमी होतो, कोणाचं पार्किंग न मोडता.

अर्थात पाणी सुद्धा तिथेच येणार. म्हणून नव्या गेटमधे रस्त्यापेक्षा १० सेंटीमीटर उंच हम्प धरला, त्याने रस्त्याचं पाणी अडतं, आणि हम्पच्या आत रॅम्पच्या डोक्यावर आडवी जाळी. हिशोब असा झाला: २.३० वजा ०.९५ अधिक ०.१०, चढ १.४५ मीटर. दोन टोकांचे तुकडे ०.३७५, उरलेला १.०७५ ला ८.६ मीटर, एकूण १४.६. बारा बाहेर, २.६ आत, आत गेली ती एकाच गाडीची जागा. बिल्डिंगच्या कडेला उंची २.४० मधून १६ सेंटीमीटर गेले, २.२४ मोकळी, टपावर कॅरिअर असलेली गाडी सोडली तर कोणाला अडचण नाही. त्या एका जागेच्या बदल्यात वर वाडीत सपाट जागा केली, आणि दुचाकी खाली न्यायच्याच नाहीत असं ठरलं, सगळ्या वरती, पत्र्याची शेड घालून. हा निर्णय वहिनींनी मांडला आणि एकानेही विरोध केला नाही.

आर्किटेक्टने सुधारित प्लॅन करून परवानगी काढली, त्यात दिवाळी ते माघ गेला. काम पुढच्या उन्हाळ्यात. जांभा असल्यामुळे ब्रेकरने कापायला त्रास कमी, दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती, खाली दगडी भराव ठोकून, वर सळीचं काँक्रीट. फणस राखला, गेट त्याच्या अलीकडे घेतलं. पृष्ठभागाबद्दल मी हट्टाने उभा राहिलो, कारण गवंड्याला सवयीने घोटून चकचकीत करायचं असतं आणि त्याला ते चांगलं काम वाटतं. ओल्यावर झाडू मारून खरबरीत केलं आणि मग मासळीच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा पाडल्या, दहा मिमी रुंद, म्हणजे पाणी खाचेतून दोन्ही कडांना जातं आणि टायरखाली थर राहत नाही. पायथ्याला दुसरी जाळी. शेवाळ येणारच, कोकणात ते टळत नाही, म्हणून सोसायटीच्या वहीत दोन तारखा लिहून ठेवल्यात, एक मृगाच्या आधी आणि एक गणपतीच्या आठवडाभर आधी, तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडरने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं.

जुन्या रॅम्पचा भराव करून तिथे चालायची वाट काढली, १:१२, मधे सपाट थांबा आणि दोन्ही बाजूंना कठडा, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवर आहेत आणि गाडीला चालतो तो उतार व्हीलचेअरला अजिबात चालत नाही. आजींना आजवर दोघे जण उचलून आणत होते.

एक गोष्ट मनासारखी झाली नाही. गेटमधली रस्त्यालगतची जागा २.४ मीटरच आहे, मला चार हवी होती, म्हणजे बाहेर निघणारी गाडी पूर्ण वर येऊन, आडवी होऊन रस्ता बघू शकेल. आता पुढची चाकं हम्पवर आणि मागची अजून उतारावर असतात. गोल आरसा लावलाय, गेटच्या दोन्ही बाजूंची भिंत कमरेइतकी खाली केलीय, पण जागा ती जागाच.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, पाऊस चालू असतानाच, चाचणी घेतली. मूर्तीशाळेतून मूठभर शाडू आणला, ८ सेंटीमीटर उंच गोळा करून रॅम्पच्या डोक्यावर बरोबर मधे ठेवला, आणि त्याच हॅचबॅकमधे तीच पाच माणसं आणि बॅगा भरून काकांना चालवायला सांगितलं. हम्पचा रस्त्याकडचा उतार साधारण ४ टक्के आणि आतला १:१६, दोन्ही मिळून सहा अंशांचा कोन, गणिताने पोटाखाली ६१ मिमी राहायला हवे होते. गाडी संथ वर आली, पुढून, चाक न फिरता. गोळा चपटा झालेला, पट्टी लावली, ५८ मिमी. तीन मिमी गाडीच्या झोल्याचे. काका उतरले आणि म्हणाले, "आता सरळ चढवतो रे मी पण."

शेवटचं काम मी स्वतः केलं. गेटच्या चिऱ्याच्या खांबावर लाल ऑईलपेंटने एक आडवी रेघ मारली, आजच्या रस्त्याच्या लेव्हलपासून बरोबर एक मीटर वर, शेजारी तारीख. सेक्रेटरींना सांगून ठेवलंय की रस्त्याचं पुढचं काँक्रीट पडलं की आधी ही उंची मोजायची, एक मीटरपेक्षा कमी भरली तर ठेकेदाराने गेटला काही ओतायच्या आत मला फोन करायचा.